सामंतबाईंनी मागितलेले सहा बाजार

माझ्यासमोर कुणी मनमोकळं हसलं की माझी नजर अजूनही आधी त्याच्या हिरड्यांवर जाते. लाल आहेत का, सुजल्यात का, दातांच्या मुळाशी पिवळं बसलंय का. समोरचा बिचारा विनोद सांगत असतो आणि मी हे बघत असतो. बायकोनं यावरून चारचौघांत मला कितीदा टोकलंय. पण ही खोड मूळची माझी नव्हे, डॉ. हेमलता सामंत यांची. त्यांचा सहवास मला मिळाला तो उणेपुरे आठ-नऊ मंगळवार. तेवढ्यात ती मला लागली आणि गेली नाही.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. खर्ड्याच्या बाजूला आमचं गाव. आमच्या भावकीतला पहिला बी.ए. मी. हे मी तेव्हा कुणी न विचारताही सांगायचो आणि आजही सांगायला लाजत नाही. गावच्याच हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होतो. नगरच्या एका धर्मादाय दवाखान्याची जीप दर मंगळवारी, म्हणजे आमच्या बाजारच्या दिवशी, दातांचा डॉक्टर घेऊन येणार, त्यासाठी शाळेनं व्हरांडा द्यायचा, असं वरून ठरून आलं. हेडमास्तरांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. गावात शिकलेला माणूस तूच, असं ते म्हणाले. मी लगेच कबूल झालो.

जीप आली. ती पुरती थांबायच्या आत एक बाई खाली उतरल्या. पस्तिशीच्या, सडसडीत, पांढरी सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, हातात पत्र्याची पेटी. मला वाटलं नर्स असाव्यात. मी अदबीनं विचारलं, डॉक्टर मागून येताहेत का?

"डॉक्टर पुढून आलेत," त्या म्हणाल्या. "बाक कुठंय?"

बाक मी व्हरांड्यात सावलीत मांडून ठेवला होता, वर सतरंजी घालून. त्यांनी सतरंजी काढून माझ्या हातात दिली आणि बाक अंगणात उन्हात न्यायला लावला. त्यांच्याकडे दिवा नव्हता, ऊन हाच दिवा. पेशंटनं सूर्याकडे तोंड करून आ करायचा, बाईंनी छोट्या आरशानं ऊन पकडून आत सोडायचं. ऊन सरकेल तसा बाक सरकायचा. सकाळी तो पिंपळाजवळ असायचा, दुपारी झेंड्याच्या खांबाजवळ, आणि चार वाजता पार फाटकापाशी. बाईंसाठी मी एक खुर्चीही ठेवली होती. तिच्यावर त्या कधी बसल्या नाहीत. पेशंट नसला तर येरझारा. चहासुद्धा चालता चालता, बशीत न ओतता. मुलं वर्गाच्या खिडक्यांतून बघायची आणि त्यांच्या फेऱ्या मोजायची.

लोक यायचे ते दात काढून घ्यायला. दात दुखला की काढायचा, दुसरा इलाज असतो हे कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. गालाला हात लावून माणूस बाकावर बसायचा आणि दुखऱ्या दातावर बोट ठेवायचा. बाई म्हणायच्या, "दात राहू द्या. आधी हिरडी दाखवा."

पहिल्याच मंगळवारी सरपंच आले. डावी दाढ काढा म्हणाले. बाईंनी आत पाहिलं आणि नकार दिला. दाढ धडधाकट आहे, हिरडीत पू झालाय, तो काढते आणि दातांवरचं किटण खरवडते, असं सांगितलं. सरपंचांना नाही ऐकायची सवय नव्हती. म्हणाले, मी सांगतोय काढा. बाई पेटीतलं हत्यार पुसत म्हणाल्या, "मी ऐकलं. आता हिरडीला सांगून बघा ऐकते का." माणसं हसली. सरपंच उठून गेले. त्याच दिवशी संध्याकाळी, गर्दी पांगल्यावर, ते मागच्या फाटकानं परत आले आणि निमूट बसले. ते मी गावात कुणाला सांगितलं नाही, आज लिहितोय.

माझंही एकदा झालं. मी रोज टूथपावडर लावणारा, कॉलेजपासूनची सवय, आणि त्याचा मला अभिमान. सहज म्हणून तोंड उघडलं. बाईंनी हिरडीवर सळईचं टोक जेमतेम टेकवलं तर रक्त आलं. "अहो बी.ए.," त्या म्हणाल्या, "तुमच्या हिरड्या सातवी नापास आहेत." पुढे चारसहा पेशंट उभे होते. मला ते फार लागलं. रक्त येतं म्हणून मी तिथं घासणंच सोडलं होतं, हे मी कबूल केलं तेव्हा त्या म्हणाल्या की सगळे हेच करतात. हिरडी रक्त काढून हाक मारते आणि माणूस तिच्याकडे जायचंच बंद करतो. रक्त थांबेस्तोवर हलक्या हातानं घासत राहायचं, रोज, आणि मग ते आपोआप थांबतं. दहाएक दिवसांत थांबलंसुद्धा. पण नापास केल्याचा राग मात्र बरेच दिवस राहिला.

लोकांना पटवायला त्यांनी एक युक्ती काढली. शाळेच्या कडेला शिपायाची शेळी बांधायचा खुंटा होता. त्याच्याभोवतीची माती त्या पायानं उकरायच्या आणि खुंटा हलवून दाखवायच्या. "खुंट्याला काय झालंय? काही नाही. माती गेलीय. आता खुंटा बदलून उपयोग आहे का?" माणसं माना डोलवायची आणि म्हणायची, खरंय बाई, पण माझा तेवढा काढून टाका. जीपचा ड्रायव्हर मला बाजूला घेऊन सांगायचा, तिकडं नगरला साहेबलोक विचारतात आज किती दात काढले, आणि आमच्या बाई सांगतात एक, नाहीतर एकही नाही. असं फार दिवस चालायचं नाही, मास्तर.

आता नानीचं सांगतो.

नानी म्हणजे माझी चुलती. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. चुलते त्या साली टोळीबरोबर ऊस तोडायला लांब गेलेले, घरी नानी आणि तिची तीन पोरं. नानी सरकारच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिच्या हातची मिश्री आमच्या गल्लीत नावाजलेली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना चोळायची. बाया सकाळी एकदा लावायच्या, नानी दिवसातून पाच-सहादा. तिचे खालचे पुढचे चार दात हलायला लागले होते आणि तोंडाला वास यायचा.

ते दात नुसते शोभेचे नव्हते. त्या वर्षी खायला होती ती मिलो, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी गार झाली की कौलासारखी. सोबत दूध नाही, कालवण नाही, एखादी मिरची असली तर असली. ती भाकरी फोडायला दात पाहिजेत. ज्याचे दात गेले त्यानं ती पाण्यात भिजवायची, आणि पाणी टँकरचं. म्हाताऱ्यांचे हाल आम्ही रोज बघत होतो. नानी तेव्हा चाळिशीचीसुद्धा नव्हती.

मी तिला बाईंकडे नेलं. आपल्या घरचं माणूस आधी पुढं करावं, म्हणजे गाव मागून येईल, असा माझा हिशोब. बाईंनी दोन तास खरवडलं. बाक दोनदा सरकला. काळे-तपकिरी कपचे वाटीत पडत होते. मिश्री आजपासून बंद, दिवसातून तीन वेळा मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, असं सांगून बाईंनी तिला सोडलं.

तिसऱ्या दिवशी नानीचे दात आधीपेक्षा जास्त हलायला लागले. सूज उतरली, हिरडी आक्रसली, मधल्या फटी उघड्या पडल्या. जीभ लावली की वारं जातंय म्हणायची. मग गल्लीत जे व्हायचं ते झालं. आमच्याकडे सगळी घरं दगड-मातीची, भिंत बांधणं-लिंपणं प्रत्येकाला येतं. बायांनी नानीचे दात बघितले आणि एका दिवसात गावभर झालं की दातवाल्या बाईनं नानीचा गारा उकरला. दगड धरून ठेवणारी माती काढल्यावर दगड निखळायचेच. यात चुकीचं काय, मलाही सांगता येईना.

पुढच्या मंगळवारी अंगणात एक माणूस फिरकलं नाही. बाजार भरलेला, कुंपणापलीकडून लोक जाताहेत, कुणी आत वळत नाही. बाई फाटकापर्यंत जायच्या, परत यायच्या. मी जे झालं ते सांगितलं. बाई फक्त म्हणाल्या, "त्या कुठं आहेत आत्ता?" खडीवर म्हटलं, तर पेटी उचलून जीपमध्ये जाऊन बसल्यासुद्धा.

खडीचं काम खर्ड्याच्या वाटेला, किल्ल्याचे बुरूज दिसतात त्या माळावर. शंभरेक माणसं हातोड्यांनी दगड फोडत होती. बाई त्या आवाजातून सरळ नानीपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंड उघडा म्हणाल्या. नानीनं हातोडा खाली ठेवला, पण तोंड उघडलं नाही.

"काडून टाका एकदाचे," ती म्हणाली. "आट दिस झाले, धड भाकर चावली न्हाई. तुमाला काय बाई, तुमी जीपीत बसून जाल. मला मिलो खायाची हाय."

बाईंनी समजावलं. खरवडल्यावर दात थोडे दिवस जास्त हलतात, मग हिरडी आवळते, घट्ट बसतात. गुळण्या करताय ना, विचारलं. आजूबाजूच्या बाया हसायला लागल्या. नानी हसली नाही.

"पानी कुटंय? टँकर एकादिवसाआड येतो. घागरीमागं मारामाऱ्या हायेत. त्यातलं दिसातून तीनदा थुकू व्हय?"

बाईंनी हातातली पेटी खाली ठेवली. 

"आणि मिश्री?" त्यांनी विचारलं. आवाज उतरला होता.

"लावते की. खोटं कशाला सांगू." नानीनं कमरेची डबी काढून दाखवली. "बाई, मिसरी दातासाटी कोन लावतंय आता? मिसरी लावली की भूक मरती. दुपारची सुकडी मिळती ती मी घरी पोरास्नी न्हेते. मग दिस कशावर काडू?"

सरकार खडीवरच्या माणसांना सुकडी वाटायचं, पिठासारखा गोडसर खाऊ. तो त्यांनी तिथंच खावा असा नियम होता आणि एकही बाई तो पाळत नव्हती. हे मला माहीत होतं. माझ्या घरचीच बाई. आणि तरी मी डॉक्टरांना हे कधी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात ते दातांशी जोडलंच गेलं नव्हतं. बी.ए. असून.

बाई फोडलेल्या खडीच्या ढिगावर बसल्या. साडीला धूळ लागेल, टोचेल, काही न बघता.  मग म्हणाल्या, "नानी, मला सहा बाजार द्या. सहा बाजारांत दात घट्ट झाले नाहीत तर मी स्वतः काढून देईन, आणि पुन्हा या गावात कुणाला शिकवणार नाही."

नानीनं विचार केला. तिला दुखत होतं, भूक होती, आणि समोर ही शहरातली बाई खडीत बसलेली. "सहाच," ती म्हणाली.

मग बाईंनी तिथंच, उन्हात, केसासारखी बारीक तार काढली आणि ते चारही दात एकमेकांना बांधले. आमचे लोक शेताच्या बांधावर काट्याचं कुंपण विणतात तशी तार आतून-बाहेरून ओवत नेली. एकटा हलतो, चौघं मिळून उभे राहतील, म्हणाल्या. गुळण्यांचा हुकूम बदलला. प्यायचं पाणी पिताना शेवटचा एक घोट मिठाचा कण टाकून तोंडात घोळवायचा आणि गिळायचा, थुंकायचा नाही. बोटाला फडकं गुंडाळून हिरडी चोळायची. मिश्रीबद्दल त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त जाताना नानीची डबी मागून घेतली.

पुढच्या मंगळवारी डबी परत आली. आत भाजक्या डाळ्याचं पीठ, गूळ घालून. हात डबीकडे गेला की यातली चिमूट तोंडात टाकायची. बरोबर पिशवीभर पीठ वेगळं. "हे औषध आहे, पोरांना द्यायचं नाही," बाई म्हणाल्या. नानी व्हय म्हणाली, आणि अर्धं पोरांना दिलं. बाईंना ते कळत होतं. त्या पुढच्या वेळी पिशवी मोठी आणायला लागल्या. नानीनं मिश्री पुरती सोडली असं मी म्हणणार नाही. सहाचं एकावर आलं.

दुसऱ्या बाजाराला वाईट झालं. कडेचा एक दात तारेतून निसटला, भाकरीतच राहिला. नानीनं तो पदराच्या गाठीत बांधून आणला आणि बाईंच्या तळहातावर ठेवला.  बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. म्हणाल्या, चूक माझी, याचं मूळ आधीच गेलं होतं, मी हट्टानं याला बांधला. तीन उरलेत. त्या दिवशी त्यांच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, बाई, जरा थांबा, मला बघून घेरी येतीय.

पण एक बदल झाला तो मी टिपला. बाकावर कुणी बसलं की आधी हिरडी दाखवा म्हणणाऱ्या बाई आता विचारायच्या, आज काय खाल्लं? उत्तर ऐकूनच आरसा उचलायच्या. बायाही हळूहळू यायला लागल्या. खरं तर त्या नानीच्या तोंडातली तार बघायला यायच्या, आणि आल्याच म्हणून बसायच्या. चौथ्या बाजाराला नानीची हिरडी गुलाबी दिसायला लागली. बाईंनी बोटानं दात हलवून बघितले, पुन्हा बघितले, आणि मला बोलावून माझं बोट लावायला लावलं. हलत होते, पण कमी. मी म्हटलं, पास. त्या म्हणाल्या, अजून दोन पेपर आहेत.

पाचव्या मंगळवारी जीप आली नाही.

मी चार वाजेपर्यंत फाटकात उभा राहिलो. मग कळलं की दवाखान्यानं फेरी बंद केली. इतक्या लांब जीप पाठवून आठवड्याला एखादा दात काढायचा, हे त्यांना परवडत नव्हतं. त्यांचंही काही अगदीच चुकलं असं नाही. पण नानीच्या दातांना तार तशीच होती, आणि ती आता टोचायला लागली होती. गल्लीतल्या कुणी सुचवलं, लोहाराकडं चिमटा हाय, त्याच्याकडून काडून घे. नानी मला म्हणाली, "किसन, तुजी बाई येती का मी लोहाराकडं जाऊ, एक काय ते सांग." मी नगरला कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. तो आठवडा मला वर्गात शिकवणं सुचलं नाही. तीन दात ते काय, पण मला वाटायचं त्यांच्यावर सगळं अडकलंय. बाईंनी सांगितलेलं खरं होतं का, आणि मी ज्या शिकण्याचा एवढा ताठा बाळगतो त्याला काही अर्थ आहे का, हेसुद्धा.

सहाव्या मंगळवारी दुपारच्या एस.टी.तून बाई उतरल्या. पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. दवाखाना सोडला होता. घरच्यांकडे, कोकणात निघाल्या होत्या, पुढचं काही ठरलं नव्हतं. मी म्हटलं, जीप बंद झाली, आम्हाला वाटलं...

"जीप त्यांची होती," त्या म्हणाल्या. "सहा बाजार माझे होते. ही गाडी पुढच्या गावाहून अर्ध्या तासात परत येईल. नानीला बोलवा."

नानी त्या दिवशी बाजारातच होती. थांब्यावरच्या दगडावर तिला बसवून बाईंनी तार कापली आणि एकेक वेढा सोडवला. माणसं गोळा झाली, त्यात सरपंचही. बाईंनी दात हलवून बघितले नाहीत. हात मागं घेतले आणि म्हणाल्या, "भाकरी आहे?"

नानीनं फडक्यातून मिलोची भाकरी काढली, सकाळची, गार. तुकडा न मोडता, तोंडाला लावून, पुढच्या दातांनी तोडली. कट्‌कन आवाज झाला. तिनं तो घास फिरवला, चावला, गिळला. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती बाईंकडे.

"दुकतंय थोडं," ती म्हणाली. "पन तुटली."

 बाई पेटीत हत्यारं ठेवायला लागल्या, एकच हत्यार दोनदा पुसलं. गाडी वळणावर दिसली. नानीनं उरलेल्या भाकरीची अर्धी मोडून त्यांच्यापुढं धरली. म्हणाली, लांब जायचंय बाई, उपाशी जाऊ नका. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. एवढे दिवस त्या मिलोबद्दल ऐकत होत्या, पण खाल्ली कधी नसावी. गाडीत चढून खिडकीशी बसल्या आणि पहिला घास तोंडात घेतला.

मी त्यांचे आभार मानणार होतो. चार वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, शुद्ध मराठीत. खिडकीशी जाऊन बोलायला लागलो तर त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. तोंडात घास होता, तो चावता चावला जात नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते घासानं की कशानं मला सांगता येणार नाही. कंडक्टरनं घंटा दिली. गाडी हलली, बाजाराच्या कडेकडेनं निघाली, आणि खर्ड्याच्या रस्त्याला वळेपर्यंत खिडकीत त्यांचा गाल हलताना दिसत होता.